पेलणं वेगळं, तोल धरणं वेगळं: तळ्यातल्या तराफ्याचा हिशेब

विहिरीत पोहायला शिकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. पाठीला डबा बांधला की पालथं पडून निर्धास्त हातपाय मारता येतात. तोच डबा पोटाला बांधला तर तो वर यायला बघतो आणि माणसाला उताणं करून टाकतो. डबा तोच, त्यानं पेललेलं वजनही तेवढंच. फरक पडला तो कुठे बांधला याचा.

गावच्या विहिरीवर पोराटोरांना कळणारी ही गोष्ट कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात तळ्याकाठी भल्याभल्यांच्या लक्षातून जाते. मस्कोका किंवा कवार्था भागात कॉटेज घेतलं की दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात पाण्यात मधोमध एक लाकडी तराफा हवासा वाटतो. पोहत जायचं, वर चढायचं, ऊन खायचं, पुन्हा उडी मारायची. मग दरवर्षी मला कुणीतरी विचारतं, "किती ड्रम लावू?" प्रश्न चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. ड्रम किती, यावरून तराफा किती वजन पेलेल ते कळतं. तो उलटेल की नाही, हे ड्रम कुठे आहेत यावर ठरतं. या दोन गोष्टी एकच समजून बांधलेले तराफे मी इतके पाहिले आहेत की आता सविस्तर लिहितोच.

पेलण्याचा भाग आर्किमिडीजबरोबर शाळेत होऊन गेला आहे, तो चटकन उरकू. दोनशे दहा लिटरचा बंद प्लास्टिकचा ड्रम पूर्ण बुडाला तर साधारण २१० किलो उचलतो. ३ मीटर बाय ३ मीटरचा, सीडरच्या लाकडाचा तराफा घ्या. फळ्या, वासे, शिडी, ड्रमचं स्वतःचं वजन आणि लाकडानं प्यायलेलं पाणी धरून ३०० किलो म्हणू. चार ड्रम म्हणजे ८४० किलो. उरले ५४०. माणशी ८० किलो धरले तर सहा माणसं आरामात. इथवर सगळ्यांचं बरोबर येतं, आणि बहुतेकांची वही इथेच मिटते.

आता हेच चार ड्रम मधोमध एकमेकांना खेटून लावले आहेत असं समजा. बांधायला सोपं पडतं म्हणून खूपजण तसंच करतात. मधल्या रेषेपासून प्रत्येक ड्रमचा मध्य जेमतेम ३० सेंटिमीटरवर येतो. एक माणूस कडेला, मध्यापासून १.४ मीटरवर, उभा राहिला तर त्याच्या वजनाचा कल, म्हणजे वजन गुणिले मध्यापासूनचं अंतर, ८० गुणिले १.४, म्हणजे ११२. तो सावरायला जवळच्या दोन ड्रमना पलीकडच्या दोघांपेक्षा ११२ भागिले ०.३, म्हणजे ३७० किलोहून जास्त भार घ्यावा लागतो. माणसासकट सगळ्याचं वजनच ३८० किलो. म्हणजे पलीकडचे ड्रम जवळजवळ पाण्यातून सुटले. दुसरा माणूस त्याच्या शेजारी आला की तराफा उलटलाच. सहा माणसं पेलणारा तराफा दोन माणसांनी पालथा होतो, आणि कागदावरचा पेलण्याचा हिशेब तरीही शंभर टक्के बरोबर असतो!

तेच ड्रम कडांना समांतर, मध्यापासून १.२ मीटरवर सरकवा. अंतर चौपट झालं. तराफ्याचा कलण्याला होणारा विरोध मात्र चौपट होत नाही, सोळापट होतो. कारण सोपं आहे. ड्रम मध्यापासून चौपट दूर असेल तर तेवढ्याच कलण्यानं तो चौपट खोल दबतो, आणि त्या जास्तीच्या जोराला तरफही चौपट लांब मिळते. अंतराचा वर्ग मोजायचा असतो. या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

तरीही चार ड्रम कमीच. चार माणसं एकाच कडेला जमली, आणि फोटोसाठी जमतातच, तर त्या कडेच्या दोन ड्रमवर जवळपास ५०० किलो येतात. ते दोघं मिळून ४२० पेलतात. कड पाण्याखाली जाते, ओल्या फळ्यांवरून माणसं घसरतात. म्हणून माझा आग्रह सहा ड्रमचा: समोरासमोरच्या दोन कडांखाली तीन-तीन, आडवे, कडेला समांतर. मग तीच चार माणसं उभी राहिली तर त्या कडेचा प्रत्येक ड्रम १७० किलोच्या आसपास पेलतो आणि थोडा पाण्याबाहेरही राहतो. शिडी याच दोन कडांपैकी एकीला लावायची, कारण गर्दी शिडीपाशीच होते. उरलेल्या दोन कडांपैकी एकीवर चार जण उभे राहिले तर हिशेब अगदी काठावर येतो. हे बांधण्याआधी माहीत असायला हवं.

आपल्या कोकणातल्या उलांडीच्या होडीकडे पाहा. अरुंद होडीला बाजूला लांबवर एक लाकूड जोडलेलं असतं. ते फारसं काही पेलत नाही. ते होडीपासून दूर आहे, म्हणूनच कामाचं आहे.

तराफा कलतो म्हटलं की एक उपाय हटकून सुचवला जातो: "ड्रममध्ये थोडं पाणी भर, जड होऊन स्थिर राहील." कृपा करून असं करू नका. त्या पाण्यानं पेलण्याची ताकद खर्ची पडते, आणि अर्धवट भरलेल्या ड्रममधलं पाणी तराफा कलला की खालच्या बाजूला धावतं. तोल राखायला घातलेलं पाणी तोल घालवायला मदत करतं. उलट सुचवणारेही आहेत: मधे आणखी दोन ड्रम घाल. त्यानं तराफा पाण्यावर जास्त उंच उचलला जातो, गोल ड्रमचा फक्त खालचा निमुळता भाग पाण्यात राहतो आणि डुगडुग वाढते. आडवा ड्रम साधारण अर्धा बुडालेला असताना सर्वांत चांगलं काम करतो.

आणखी एक गल्लत म्हणजे काठाच्या तरंगत्या धक्क्याचा नकाशा उचलून तराफा बांधणं. धक्क्याची एक बाजू जमिनीला जखडलेली असते, त्यामुळे तिथे खपून जातं. तराफ्याच्या चारही कडा मोकळ्या असतात.

बाकीचं थोडक्यात. सीडर की प्रक्रिया केलेलं पाइन? मला सीडर आवडतं, हलकं असतं आणि अनवाणी पायांना सुखाचं, पण पाइनही चालेल. गोड्या पाण्यात जाड जस्त चढवलेले बोल्ट पुरतात. ड्रम खाद्यपदार्थांचे घ्या, रसायनांचे नकोत, आणि बूच पाण्याच्या वर राहील असे बसवा. ड्रमऐवजी थर्मोकोल वापरायचा असेल तर उघडा चालत नाही. ओंटारिओत २०२१ साली त्यासाठी कायदा झाला आणि २०२३ पासून तो लागू आहे. थर्मोकोल पूर्ण वेष्टनात बंद असावा लागतो, नाहीतर त्याचे दाणे सुटून तळ्यात पसरतात. नांगराला काँक्रीटचा ठोकळा वापरत असाल तर पाण्यात त्याचं वजन चाळीस टक्क्यांहून जास्त घटतं, १०० किलोचा ठोकळा तिथे साठाच्याही आत येतो. ३ मीटरपेक्षा उथळ पाण्यात तराफ्यावरून सूर मारू देऊ नका. आणि ड्रम नसलेल्या कडांना खालपर्यंत पट्ट्या ठोका. फळ्यांखालच्या पोकळीत मुलं हौसेनं शिरतात आणि बाहेर पडायची वाट सापडत नाही. तळं गोठायच्या आत तराफा काठावर ओढायचा, बर्फ त्याला सोडत नाही.

मुलांना चढवण्याआधी एक सकाळ राखून ठेवा. कमरेएवढ्या पाण्यात तराफा उभा करा. पोहता येणारी मोठी माणसं एकेक करून शिडीच्या कडेला उभी करा, आणि दर माणसागणिक त्या कडेच्या ड्रमवर पाण्याची रेघ खडूनं आखा. चौथ्या माणसाला रेघ ड्रमच्या माथ्याच्या खाली राहिली, तर तराफा खोल पाण्यात न्या. माथ्यावरून गेली, तर ड्रम बाहेरच्या बाजूला सरकवा आणि पुन्हा पहिल्या माणसापासून सुरुवात करा.