तिलापियाचे जनुकीय लिंग तपासताना: नमुना पाठवण्यापूर्वी वाचा

नाईल तिलापियात नर एक्सवाय, मादी एक्सएक्स. वाय गुणसूत्रावर एएमएच (अँटी-म्युलेरियन संप्रेरक) जनुकाची वेगळी प्रत असते आणि तीच नर घडवते, हे २०१५ मध्ये सिद्ध झाले. आमची पीसीआर चाचणी (डीएनएचा ठरावीक भाग वाढवून ओळखणारी) ही प्रत शोधते. त्यातून माशाचे जनुकीय लिंग कळते, बाहेरून दिसणारे नव्हे.

नागपुरात हा फरक विसरून चालत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, उथळ टाकीतले पाणीही तापते. फलनानंतर साधारण दहाव्या दिवसापासून पिल्ले दीड-दोन आठवडे ३६ अंशांच्या पाण्यात राहिली, तर काही एक्सएक्स पिल्लांचे नर होतात. संप्रेरकयुक्त खाद्यानेही तेच घडते. असा नर मादीशी जुळवला की पिल्ले जवळपास सगळी माद्याच निघतात आणि एकलिंगी नर बीजाचा (फक्त नर पिल्लांचा) हंगाम वाया जातो. म्हणून उन्हाळ्यात वाढलेले प्रजनक (पिल्लांसाठी जुळवायचे मासे) तपासल्याशिवाय वापरू नयेत, असे आमचे ठाम मत आहे.

नमुन्यासाठी मासा लवंग तेलाच्या पाण्यात गुंगवा. तेल पाण्यात विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलात मिसळा. शेपटीच्या पराचा ३ ते ५ मिलिमीटर तुकडा कापून ९५ टक्के इथेनॉलच्या नळीत टाका. इथेनॉल तुकड्याच्या दहापट हवे. फॉर्मॅलिन कदापि नको, त्याने डीएनए निकामी होतो. कात्री दर माशानंतर ब्लीचच्या द्रावणात बुडवून स्वच्छ पाण्याने धुवा. नुसत्या स्पिरिटने पुसली तर आधीच्या नराचा डीएनए पुढच्या मादीच्या नळीत जाऊन ती मादी ‘नर’ ठरू शकते. नळीतल्या चिठ्ठीवर क्रमांक पेन्सिलने लिहा, पेनची शाई पसरते. माशालाही तोच क्रमांक द्या किंवा त्याला वेगळ्या हाप्यात (पाण्यातल्या जाळीच्या पिंजऱ्यात) ठेवा. नाहीतर अहवाल कोणत्या माशाचा, हेच कळणार नाही.

प्रत्येक नमुन्यात नर-मादी दोघांत असणारे नियंत्रक जनुकही आम्ही पाहतो. त्याची पट्टी (चाचणीत जनुक सापडल्याची खूण) आली नाही तर वायची पट्टी नसली तरी ‘मादी’ लिहीत नाही; नमुना पुन्हा मागवतो.

पहिल्यांदा येणाऱ्यांनी आधी १० पक्के नर आणि १० पक्क्या माद्या पाठवाव्यात: सगळे संप्रेरक न दिलेले, थंड हंगामात वाढलेले. तुमच्या वाणात चाचणी चालते का, ते त्यावरून कळते. ओळख अशी: जननछिद्राजवळ, गुदद्वार धरून, नराला दोन छिद्रे, मादीला तीन. काही वाणांत लिंग ठरवणारा भाग वेगळ्या गुणसूत्रावर असतो, निळ्या तिलापियात तर मादीच झेडडब्ल्यू असते, म्हणजे दोन वेगळी लिंग-गुणसूत्रे मादीत असतात. तिथे ही चाचणी लागू पडत नाही. रोहू-कटल्यालाही नाही.

वायवाय नर (दोन्ही लिंग-गुणसूत्रे वाय, म्हणून पिल्ले जवळपास सगळी नर) हवे असल्यास आधीच सांगा. वायची पट्टी एक्सवाय आणि वायवाय दोघांतही येते. खात्री पिल्लांवरूनच होते.