मोडण्यासाठीच उभे केलेले खांब

महामार्गाच्या दुभाजकात ताणून बसवलेले तीन-चार पोलादी दोर दिसतात आणि मध्येच कुठेतरी सात-आठ खांब एका रांगेत आडवे झालेले असतात. पाहणाऱ्याला वाटते, कठडा कामातून गेला. खरे तर तिथे त्याने आपले काम चोख केलेले असते. खांबांनी वाकावे, दोर त्यांच्यापासून सुटावेत आणि भरकटलेली गाडी दोरांनी झोळीत घेतल्यासारखी झेलावी, हीच या रचनेमागची कल्पना. त्यामुळे कठड्याने गाडी वाचवली की त्यामागोमाग दुरुस्ती आलीच. वायर रोप बॅरिअरमध्ये, म्हणजे अशा दोरांच्या कठड्यात, गेल्या साठ वर्षांत जे बदल झाले, त्यांतले बरेचसे या दुरुस्तीच्या कटकटीतूनच सुचले, असे माझे मत आहे.

रस्त्याकडेला दोर बांधायची पद्धत जुनी, पण दुबळ्या खांबांचा विचार पक्का झाला तो १९६० च्या दशकात, अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात. तोवर खांब जितका भक्कम तितका कठडा चांगला, अशी समजूत होती. तिथल्या अभियंत्यांनी ती उलटी केली: खांबाने दोर फक्त योग्य उंचीवर धरायचा, मार सोसायचा तो दोराने. दोर १९ मिलिमीटर जाडीचा, तीन पेडांचा, प्रत्येक पेडात सात तारा. ताण मात्र बेताचा, म्हणजे दोराला झोळ पडू नये इतकाच. थंडी-उन्हाने होणारे आकुंचन-प्रसरण सांभाळायला टोकांना स्प्रिंग.

ही रचना स्वस्त होती आणि गाडीतल्या माणसांना बसणारा धक्काही सौम्य होता. दुखणे निघाले ते नंतर. ताणच कमी, त्यामुळे काही खांब मोडले की दोर सरळ जमिनीवर लोळायचे. त्या पट्ट्यात दुसरी गाडी घुसली तर तिला अडवायला काहीच नाही. शिवाय खांब थेट मातीत ठोकलेले. वाकलेला खांब उपटायचा, भोक बुजवायचे, नवा ठोकायचा आणि हे सगळे बाजूने वाहने भरधाव जात असताना. जमीन गोठलेली असेल तर बोलायलाच नको.

ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात ब्रिफेन नावाची चार दोरांची पद्धत पुढे आली. तिच्यात खालचे दोर खांबांच्या आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूने, विणकामातल्या धाग्यासारखे फिरवलेले असतात आणि ताण भरपूर असतो. काही खांब पडले तरी शेजारचे खांब दोरांना बऱ्याच अंशी उंचीवर धरून ठेवतात. २००१ च्या सुमारास ओक्लाहोमा सिटीतल्या लेक हेफ्नर पार्कवेवर ही पद्धत बसवली गेली आणि मग अमेरिकेत जास्त ताणाच्या कठड्यांची चलती सुरू झाली.

चर्चा झाली ती ताणाची. दुरुस्ती करणाऱ्यांना विचाराल, तर त्यांच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती सॉकेट. काँक्रीटच्या पायात आधीच पुरलेली ही पोलादी नळी. तिच्यात खांब नुसता वरून सोडायचा. मोडलेला बुंधा उपसून काढला, नवा खांब आत घातला, दोर जागेवर बसवले की झाले. पूर्वी जिथे खांब ठोकायचे यंत्र आणावे लागे, तिथे आता बहुतेक वेळा दोन-तीन माणसे आणि हातातली अवजारे पुरतात. खांब पक्का बसवण्यापेक्षा तो सहज निघेल असा बसवणे, यातच खरे डोके होते.

जास्त ताणाने नवी कामे मागे लावली. २१ अंश सेल्सिअसला एका दोरात साधारण २५ किलोन्यूटन, म्हणजे अडीच टन वजन टांगल्याइतका ताण ठेवतात. पोलाद तापले की ताण उतरतो, गारठले की चढतो. म्हणून दुरुस्तीनंतर ताण मोजायचे मीटर लावून, त्या वेळचे तापमान तक्त्यात पाहून टर्नबकल, म्हणजे दोर ताणायचा-सैल करायचा आट्यांचा जोड, फिरवावे लागते. नव्या दोराचे पेड घट्ट बसतानाही तो थोडा लांबतो, म्हणून पुढे कारखान्यातच आधी ताणून घेतलेले दोर आले. गाडी दोरांत अडकली असेल तर बचाव पथकाने घाईने दोर कापू नये, आधी टर्नबकल सैल करावे, हेही शिकवावे लागले. ताणलेला दोर कापला तर त्याचे टोक चाबकासारखे उसळते.

स्वीडनने १९९८ मध्ये येव्हलेजवळच्या ई-४ मार्गावर २+१ मार्गिकांचा, म्हणजे आळीपाळीने एका दिशेला दोन आणि दुसरीला एक मार्गिका देण्याचा प्रयोग केला: १३ मीटर रुंद रस्त्यावर दोन दिशांच्या मध्ये दोरांचा कठडा. अशा रस्त्यांवरचे मृत्यू पुष्कळच घटले. पण दुभाजक इतका अरुंद, की गाडी जराशी सरकली तरी दोराला लागते. मृत्यू कमी झाले आणि दुरुस्त्या वाढल्या. रस्त्यावर उभे राहून काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न तिथे गंभीरपणे चर्चेत आला तो यामुळेच.

नियमावल्यांचे लक्ष मात्र बराच काळ धडकेपर्यंतच होते. कठड्यांची धडक-चाचणी कशी घ्यायची हे सांगणारा अमेरिकेतल्या एनसीएचआरपी या महामार्ग संशोधन कार्यक्रमाचा १९९३ चा अहवाल ३५० असो की त्यानंतरचे २००९ चे मॅश निकष, चाचणीत गाडी आदळते ती अखंड कठड्यावर. किती मोडतोड झाल्यावर दुरुस्ती तातडीची मानायची, यावर २०१० मध्ये एनसीएचआरपीचाच अहवाल ६५६ आला. त्याचाही मुख्य भर पन्हळी पत्र्याच्या कठड्यांवर होता.

खर्चाचा तिढा तर या रचनेच्या गुणातूनच आला आहे. अमेरिकेतली अनेक राज्ये दुरुस्तीचे पैसे धडकलेल्या चालकाच्या विम्यातून वसूल करतात. पण दोर गाडीला इतके अलगद अडवतात, की पुष्कळदा ती चालू स्थितीतच राहते आणि चालक कुणालाही न कळवता निघून जातो. मागे उरतात मोडलेले खांब, आणि बिल येते रस्ते खात्याकडे.