फो चाय : हाडांविना रश्श्याची पूर्वपीठिका

फो हा नूडल्सच्या सूपचा प्रकार व्हिएतनामचा राष्ट्रीय पदार्थ मानला जात असला, तरी त्याचं वय जेमतेम सव्वाशे वर्षं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, फ्रेंच अमलात, हनोई आणि नाम दिन्ह या भागात तो आकाराला आला. त्याआधी तिथले गाईबैल मुख्यतः शेतीकामासाठी असत. गोमांसाची मागणी वाढली ती फ्रेंचांमुळे. उरलेली हाडं स्वस्तात मिळू लागली. ती तासन् तास उकळायची आणि त्या रश्श्यात तांदळाच्या चपट्या नूडल्स घालायच्या. फेरीवाले खांद्यावरच्या कावडीतून हे सूप विकत. शाकाहारी माणसाची अडचण इथूनच सुरू होते. वरचं मांस काढून टाकलं तरी रस्सा हाडांचाच राहतो, आणि बहुधा त्यात मासे आंबवून केलेलं नुओक मामही असतं.

मात्र व्हिएतनाममधला शाकाहारी स्वयंपाक फोहून शेकडो वर्षं जुना आहे. ली आणि त्यानंतर त्रान राजघराण्यांच्या काळापासून तिथे महायान बौद्ध धर्म रुजलेला आहे, आणि त्या परंपरेतले भिक्षू-भिक्षुणी मांस-मासे खात नाहीत. आपल्याकडे एकादशी पाळतात, तसे तिथले अनेक गृहस्थ चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात. १९२६ साली दक्षिणेत स्थापन झालेल्या काओ दाई पंथात महिन्यातून सहा किंवा दहा दिवसांचा नेम असतो. अशा आहाराला ‘चाय’ म्हणतात (आपल्या चहाशी त्याचा काही संबंध नाही). १८०२ ते १९४५ या काळात राजधानी असलेलं ह्वे हे मठांचं शहर, आणि मठांतल्या स्वयंपाकासाठी आजही त्याचं नाव आहे. तिथलं गवती चहाच्या वासाचं, शेंद्रीच्या बियांनी लाल केलेलं बुन बो हे सूपही चाय स्वरूपात मिळतं. त्यामुळे शाकाहारी फो ही पाश्चात्त्य कॅफेंची कल्पना आहे, हे मला अजिबात मान्य नाही. मठाच्या स्वयंपाकघरापाशी पद्धत आधीपासून होती. लोकप्रिय झालेलं नवं सूप तिने आपलंसं केलं.

अमेरिकेबरोबरच्या युद्धाच्या आणि रेशनिंगच्या वर्षांत हनोईच्या सरकारी दुकानांत मांसाशिवायचा फो मिळत असे. लोक त्याला ‘वैमानिक नसलेला फो’ म्हणत, कारण अमेरिकेची वैमानिकाविना उडणारी टेहळणी विमानं तेव्हा डोक्यावर घिरट्या घालत. नूडल्स, पाणचट रस्सा आणि चवीला अजिनोमोटो, एवढंच त्यात असे. तो टंचाईचा फो होता, त्याला चाय म्हणता येणार नाही. हा फरक आजही लक्षात ठेवायला हवा, कारण वाडग्यात मांस दिसत नाही एवढ्यावरून सूप शाकाहारी ठरत नाही.

१९५४ साली व्हिएतनामची उत्तर आणि दक्षिण अशी फाळणी झाल्यावर लाखो लोक उत्तरेतून दक्षिणेत गेले, आणि त्यांच्याबरोबर फो सायगॉनला जाऊन पसरला. तिथे त्यात मोड आलेले मूग, तुळशीसारखी पानं आणि लिंबू आलं. १९७५ साली युद्ध संपल्यानंतर देश सोडून गेलेल्या निर्वासितांनी तो कॅलिफोर्निया, पॅरिस, सिडनीपर्यंत नेला. त्यांनी तिकडे मठही उभारले, आणि तिथल्या मठांत शनिवार-रविवारी चाय जेवण मिळणं नवलाचं नाही. परदेशातल्या मराठी शाकाहाऱ्यांनी आधी तिथे किंवा ‘चाय’ अशी पाटी असलेल्या खानावळीत जावं. एरवीच्या उपाहारगृहात ‘व्हेज फो’ म्हणून टोफू आणि भाज्या घातलेला हाडांचाच रस्सा समोर येऊ शकतो. म्हणून ‘मांस आहे का’ असं न विचारता ‘रस्सा कशाचा आहे, नुओक माम आहे का’ असं विचारावं.

घरी करणाऱ्याला अर्धं सामान आपल्याच डब्यांत सापडतं. चक्रीफूल, दालचिनी, मसाला वेलची, लवंग आणि धणे हा फोचा मसाला. गोड्या मसाल्यातलं चक्रीफूल तर बरेचदा व्हिएतनाममधूनच आलेलं असतं. मसाला कोरडा भाजायचा, आलं थेट आचेवर काळं होईस्तोवर भाजायचं. हाडांचा गोडवा पांढरा मुळा, गाजर, दाणे काढलेली मक्याची कणसं आणि एखादा नाशपाती यांतून येतो, वर खडीसाखरेचा खडा. खोली मात्र सुक्या शिताके मशरूमशिवाय येत नाही, ते वगळू नका. मशरूम भिजवलेलं पाणी गाळून रश्श्यातच घालायचं. हाडांना तासन् तास लागतात. भाज्यांना तासभर पुरे, जास्त उकळल्या तर चव मंद होते. हाडांमुळे येणारा दाटपणा भाज्यांत नसतो, म्हणून मसाल्याचा वास धरून ठेवायला थोडं तेल लागतं. नुओक मामच्या जागी सोया सॉस आणि मीठ.

कांद्याबाबत दोन पंथ आहेत. घरोघरी तो आल्याबरोबर भाजून घालतात. मठांत कांदा-लसूण वर्ज्य, त्यामुळे तिथला रस्सा आलं, मशरूम आणि मसाल्यावरच उभा असतो. कांदा-लसूण न खाणाऱ्या आपल्या घरांना ही पद्धत जशीच्या तशी चालेल. जैन घरांत मात्र मशरूम आणि आलं, मुळा, गाजर चालणार नाहीत. तिथे मका, कोबी, नाशपाती आणि मसाल्यावर रस्सा बांधावा लागेल, आणि त्याची चव मूळ फोपासून बरीच दूर जाईल.