खाऱ्या वाऱ्यात स्टेनलेस स्टीलही गंजतं

मालवण असो की अलिबाग, समुद्रालगत घर बांधणाऱ्याला हमखास एक सल्ला मिळतो: रेलिंग आणि ग्रिल स्टेनलेस स्टीलची करा, जन्मात गंजणार नाहीत. हे खरं नाही.

या स्टीलमधल्या क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच गंज रोखतो. खाऱ्या हवेतलं क्लोराइड नेमका हाच थर जागोजागी फोडतं. आधी चहासारखे तपकिरी डाग, मग टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. सुरुवात बहुधा वेल्डिंगचे जोड आणि स्क्रूच्या खाचा इथून होते.

स्टेनलेस स्टीलच्या प्रती, म्हणजे ग्रेड, आकड्यांनी ओळखतात. बाजारात सर्रास मिळतं ते ३०४, आणि स्वस्तात २०२. किनाऱ्यावर मागावं ३१६. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, तो क्लोराइडला बरंच तोंड देतो. महाग पडतं, पण माझ्या मते पैसे इथेच घालावेत. आणि लोहचुंबक चिकटत नाही म्हणजे स्टील चांगलं, अशी खात्री करू नका. २०२ लाही तो जवळपास चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

आणखी एक गैरसमज: छपराखालचा भाग सुरक्षित. उलट तिथे पाऊस मीठ धुऊन नेत नाही, म्हणून डाग जास्त पडतात. कोकणात तर पावसाळा सरला की आठ महिने मीठ साचतच राहतं. अधूनमधून गोड्या पाण्याने धुवा, मऊ फडक्याने पुसा. लोखंडी तारेची घासणी आणि बाथरूमचं ॲसिड मात्र ३१६ लाही लावू नका.