नाटकातील अपूर्ण वाक्य : एका पाठामागची पार्श्वभूमी

कोल्हापुरातील आमच्या वर्गात नाट्यउतारा मोठ्याने वाचून घेताना एक गोष्ट हमखास आढळते. ‘मी येणारच होते, पण...’ या वाक्यापाशी विद्यार्थी थांबतच नाहीत. ‘पण’वर आवाज खाली टाकतात आणि पुढच्या पात्राकडे वळतात. ती तीन टिंबे म्हणजे छपाईत गळलेला मजकूर नव्हे, हे त्यांना पटवून द्यावे लागते.

वाक्य अपुरे ठेवण्याची ही युक्ती टिंबांहून फार जुनी आहे. भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ या संस्कृत नाटकाच्या दुसऱ्या अंकात दुर्योधन पत्नी भानुमतीला आपल्या मांड्यांवर बसण्यास सुचवत असतो. ‘ममोरुयुग्मम्’ (माझ्या दोन्ही मांड्या) हा शब्द उच्चारला जातो न जातो तोच कंचुकी, म्हणजे अंतःपुरातला वृद्ध सेवक, धावत येऊन म्हणतो, ‘देव, भग्नं भग्नम्’ (महाराज, मोडले, मोडले). कोणी मोडले, तर ‘भीमेन’. ‘भीम’ म्हणजे भीषणही; वास्तविक त्याला एवढेच सांगायचे असते, की भीषण वाऱ्याने रथाचा ध्वज मोडला. पण त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत गदायुद्धात मोडणारी मांडी प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे उभी राहिलेली असते. शास्त्रकारांनी या प्रकाराला ‘गंड’ म्हटले, आणि ‘साहित्यदर्पण’ या काव्यशास्त्रावरील संस्कृत ग्रंथात त्यासाठी हेच उदाहरण दिलेले आहे. मला हे उदाहरण शिकवण्याच्या दृष्टीने अमोल वाटते, कारण इथे सारे काम कानानेच करावे लागते.

मराठी छपाईत विरामचिन्हे रुळली ती 19व्या शतकात, इंग्रज अधिकारी व कोशकार मेजर कँडी यांच्या प्रयत्नांनी. संगीत नाटकाचा भर मात्र पदांवर आणि घोटीव, पल्लेदार भाषणांवर राहिला. 1915 साली उभ्या राहिलेल्या येथील पॅलेस थिएटरात, म्हणजे आजच्या केशवराव भोसले नाट्यगृहात, ध्वनिक्षेपकाविना शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवायचा असे, तिथे अडखळणाऱ्या बोलण्याला वाव थोडाच होता. 1933 च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाने घरगुती बोलणे रंगभूमीवर आणले. पुढे विजय तेंडुलकरांच्या संहितांत, विशेषतः ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये, विराम शब्दांइतक्याच जबाबदारीने येऊ लागला.

म्हणून आम्ही मुलांना आधी दोनच प्रश्न विचारतो: वाक्य दुसऱ्याने तोडले की बोलणाऱ्यानेच सोडले, आणि न उच्चारलेला पुढचा शब्द कोणता? तो समासात पेन्सिलीने लिहायचा, मनात म्हणायचा, पण वाचायचा नाही. ‘आईनं सोडलं नाही’, असे एका मुलीने लिहिले होते. त्यानंतर तिने वाचलेला ‘पण’ खाली पडला नाही.