सॉफ्टवेअर डिझाइन रिव्ह्यू

कोडिंग सुरू होण्यापूर्वी सॉफ्टवेअरचा आराखडा मूळ मागण्यांशी ताडून पाहण्याच्या पद्धतीला डिझाइन रिव्ह्यू म्हणतात. उत्पादनाने काय करायला हवे हे रिक्वायरमेंटच्या दस्तऐवजात लिहिलेले असते, ते कसे साधायचे हे आराखड्यात. मागितलेले सर्व आराखड्यात आले आहे का, आणि न मागितलेले काही त्यात शिरले आहे का, असे दोन प्रश्न रिव्ह्यूत विचारायचे असतात. घाईच्या प्रकल्पांत दुसरा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही.

या पद्धतीला शिस्तबद्ध रूप मिळाले ते आयबीएम या अमेरिकी संगणक कंपनीत. तिथले अभियंते मायकेल फॅगन यांनी १९७६ मध्ये ‘आयबीएम सिस्टिम्स जर्नल’मध्ये तिथल्या ‘इन्स्पेक्शन’ पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. डिझाइन पूर्ण झाल्यावर एक तपासणी होई, आणि ती पार पडल्याशिवाय कोडिंगला परवानगी नसे. बैठकीत मॉडरेटर (बैठक चालवणारा), डिझायनर, कोड लिहिणारा आणि टेस्टर असे चौघे बसत. एका बैठकीची मर्यादा दोन तास होती. चूक सापडली की ती फक्त नोंदवायची, दुरुस्तीची चर्चा तिथे करायची नाही, हा नियम वरवर किरकोळ वाटला तरी फार शहाणपणाचा आहे. उपाय शोधण्याच्या नादात पुढची पंधरा पाने न पाहताच बैठक संपते, हा अनुभव कोणत्याही टीमला नवा नाही. सापडलेल्या चुकांवरून कर्मचाऱ्याचे मूल्यमापन करू नये, असाही फॅगन यांचा आग्रह होता. अमेरिकी संरक्षण खात्यानेही कंत्राटदारांसाठी प्राथमिक आणि अंतिम अशा दोन टप्प्यांचे डिझाइन रिव्ह्यू मानक म्हणून ठरवून दिले होते.

रिव्ह्यूच्या समर्थनार्थ नेहमी खर्चाचा दाखला दिला जातो. उत्पादन ग्राहकाच्या हाती गेल्यावर चूक दुरुस्त करण्याचा खर्च रिक्वायरमेंट किंवा डिझाइनच्या टप्प्यावरील खर्चाच्या शंभरपट असतो, हे विधान सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचे संशोधक बॅरी बोहम यांच्या नावाने सर्रास फिरते. मात्र बोहम आणि व्हिक्टर बॅसिली यांनीच २००१ मध्ये स्पष्ट केले होते की लहान, कमी जोखमीच्या प्रणालींत हे प्रमाण पाचपटीच्या आसपास असते. त्यामुळे शंभरचा आकडा प्रत्येक अॅपला चिकटवणे बरोबर नाही.

प्रत्यक्ष कामात ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स नावाचा तक्ता वापरतात. प्रत्येक मागणीला क्रमांक देऊन तिच्यासमोर ती पूर्ण करणारा आराखड्यातील भाग आणि तिची टेस्ट लिहितात. ‘स्क्रीन लवकर उघडावी’ अशी मागणी इथेच अडकते, कारण ‘लवकर’ म्हणजे किती हे ठरल्याशिवाय ती तपासता येत नाही. पण तक्ता भरला म्हणजे रिव्ह्यू झाला असे नाही. समजा, तिकीट आरक्षणाच्या अॅपसाठी ‘पैसे भरेपर्यंत निवडलेले आसन १० मिनिटे राखून ठेवावे’ अशी मागणी आहे, आणि ही नोंद सर्व्हरच्या मेमरीत ठेवायची असे डिझायनरने ठरवले आहे. तक्त्यात दोन्ही रकाने भरलेले दिसतील. सर्व्हर मध्येच रीस्टार्ट झाला तर? बँकेचा होकार अकराव्या मिनिटाला आला तर? पहिल्या प्रश्नाने डिझाइन बदलते. दुसऱ्याचे उत्तर मागणीतच नसल्याने ती मागणी लिहिणाऱ्याकडे परत जाते. चांगल्या रिव्ह्यूत आराखड्याइतकीच मागणीचीही परीक्षा होते.

हे किती खोलवर जाते ते एरियान ५ रॉकेटच्या अपघातावरून समजते. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कूरू तळावरून हे युरोपीय रॉकेट पहिल्यांदाच उडाले, आणि सुमारे ४० सेकंदांत मार्ग सोडून नष्ट झाले. क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह त्याच्यासोबत गेले. रॉकेटची दिशा व गती मोजणाऱ्या यंत्रणेचे सॉफ्टवेअर एरियान ४ वरून घेतलेले होते. आडव्या वेगाशी निगडित एक ६४ बिटांची संख्या १६ बिटांत बसवताना ती मावली नाही, कारण एरियान ५ चा सुरुवातीचा आडवा वेग जुन्या रॉकेटपेक्षा खूप जास्त होता. असा धोका असलेली सात चले डिझायनरांनी ओळखली होती. संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा म्हणून त्यांपैकी चारच चलांना संरक्षण दिले गेले. उरलेल्या तीन चलांची मूल्ये मर्यादेबाहेर जाणार नाहीत असे गृहीत धरले होते, आणि एरियान ४ पुरते ते खरेही होते.

जाक-लुई लिओं यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाच्या अहवालातील दोन गोष्टी या विषयाच्या अभ्यासकाने पाहायलाच हव्यात. एक, या यंत्रणेच्या रिक्वायरमेंटमध्ये एरियान ५ च्या उड्डाणमार्गाची माहिती घातलीच नव्हती, आणि तसे संमतीने ठरले होते. म्हणजे कागदाशी ताडून पाहणाऱ्याला खोट दिसण्याची शक्यताच नव्हती. दुसरी, ज्या गणनेत बिघाड झाला ती उड्डाणानंतर निरुपयोगी होती. उलटगणती ऐनवेळी थांबली तर लवकर सावरता यावे, म्हणून एरियान ४ मध्ये ती उड्डाणानंतरही काही काळ चालू ठेवत. एरियान ५ ला तशी गरज नव्हती, पण चालत्या गाडीला हात कशाला लावा या विचाराने ती तशीच राहू दिली गेली. आराखड्याकडून मागणीकडे उलट शोध घेतला असता, तर या भागासमोरचा मागणीचा रकाना रिकामा सापडला असता. बिघाड झाल्यास प्रोसेसर बंद करावा, हे तर स्पेसिफिकेशनमध्येच लिहिलेले होते. राखीव यंत्रणेत तेच सॉफ्टवेअर असल्याने तीही त्याच कारणाने बंद पडली. रिव्ह्यूत प्रकल्पाबाहेरची माणसे असावीत, आणि तपासणी झाल्याची खूण पाहण्याऐवजी मुद्द्यांचा आशय तपासावा, अशी शिफारस मंडळाने केली.

१९९९ मध्ये मंगळाजवळ नष्ट झालेल्या नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटरची गोष्ट याच्या उलट आहे. तिथे मेट्रिक एकके वापरण्याची मागणी लेखी होती, तरी जमिनीवरच्या सॉफ्टवेअरची एक फाइल पाउंड या ब्रिटिश एककात आकडे देत राहिली.

भारतात ही पद्धत रुळली ती प्रामुख्याने १९९० च्या दशकात, सीएमएम (कंपनीच्या कामाची परिपक्वता पातळ्यांत मोजणारे प्रारूप) प्रमाणपत्रांच्या काळात. त्या प्रारूपाच्या तिसऱ्या पातळीवर सहकाऱ्यांकडून होणारा रिव्ह्यू आवश्यक धरला होता. मागणी परदेशातला ग्राहक लिहिणार आणि डिझाइन पुण्यात किंवा बंगळुरूत होणार, अशा कामात ग्राहकाच्या साइन-ऑफला (लेखी मंजुरीला) व्यावहारिक वजन असते, कारण त्यानंतरचा बदल चेंज रिक्वेस्ट ठरून त्याचे वेगळे पैसे लागतात. याचा एक तोटाही होतो: संदिग्ध मागणीबद्दल प्रश्न विचारण्याऐवजी तिच्यावर सही घेण्याकडे कल राहतो. अॅजाइल या छोट्या टप्प्यांत काम करण्याच्या पद्धतीत जाडजूड दस्तऐवज गेले, पण तपासणी गेली नाही. ती प्रत्येक स्टोरी (छोटी मागणी) स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या एका छोट्या टप्प्यात, घेण्यापूर्वीच्या ग्रूमिंगच्या (मागण्या स्पष्ट करून घेण्याच्या) बैठकीत होते आणि तिथे प्रोटोटाइप दाखवून बोलणे होते.

माणसांच्या नजरेतून सुटणाऱ्या चुकांसाठी आराखडा गणिती भाषेत लिहून संगणकाकडून तपासून घेण्याचा मार्गही आहे. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांची टीएलए प्लस ही अशीच एक भाषा. अॅमेझॉनच्या अभियंत्यांनी २०११ पासून ती वापरायला घेतली. डायनॅमोडीबी या त्यांच्या डेटाबेसच्या आराखड्यात त्यांना अशी एक चूक सापडली, की ती उघड होण्यासाठी किमान ३५ पायऱ्यांची साखळी घडावी लागत होती. आधीच्या रिव्ह्यूंतून आणि टेस्टिंगमधून ती निसटली होती. कोड त्या आराखड्याप्रमाणेच लिहिला गेला आहे की नाही, हे मात्र या तपासणीतून कळत नाही. त्यासाठी कोड रिव्ह्यू आणि टेस्टिंग वेगळे करावेच लागते.