बिब्बा नको, काजूचं तेल तर नकोच: पुरुषांच्या गुप्तांगावरच्या चामखिळी

कोकणात हातापायावरची चामखीळ घरीच घालवायची जुनी रीत आहे. कुणी केस बांधतं, कुणी चुना लावतं, कुणी बिब्बा किंवा काजूबीच्या सालीतलं तेल टेकवतं. ओले काजूगर काढणाऱ्यांचे हात या तेलाने कसे सोलवटतात, हे इथे कुणाला सांगायला नको. बोटांच्या जाड कातडीची ही गत. शिश्नाची आणि वृषणाची कातडी त्याहून कितीतरी पातळ असते. तिथे हे लावलं की चामखिळीभोवतीची कातडीही भाजते, फोड येतात, पुढची कातडी सुजून मागे सरकेनाशी होते आणि शेवटी व्रण राहतो. मेडिकलमध्ये मिळणारं कुरूपाचं सॅलिसिलिक ॲसिडही या जागी वापरायचं नसतं.

या चामखिळी ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसमुळे, म्हणजे एचपीव्हीमुळे होतात. त्याच्या दोनशेहून अधिक प्रकारांपैकी ६ आणि ११ हे दोन प्रकार दहातल्या नऊ रुग्णांत सापडतात. लैंगिक संबंधात कातडीला कातडी लागून विषाणू पसरतो. कंडोमने धोका कमी होतो, पण झाकली न जाणारी जागा उघडीच राहते. लागण झाल्यापासून चामखीळ दिसायला साधारण दोन-तीन महिने लागतात, कधी त्याहून बराच जास्त काळ. काही जणांना ती कधीच दिसत नाही, तरी ते विषाणू पसरवू शकतात. म्हणून कुणाकडून आणि कधी लागण झाली हे चामखिळीवरून ठरत नाही. नवरा-बायकोने त्यावरून एकमेकांवर संशय घेणं अन्यायाचं आहे.

लिंगावरचा प्रत्येक उंचवटा चामखीळ नसतो. शिश्नाच्या टोकाच्या, म्हणजे मुंडाच्या, मागच्या कडेला एकसारखे, बारीक, पांढरट दाणे रांगेने असतील तर ती नैसर्गिक ठेवण आहे, उपचार लागत नाही. मधोमध खळगा असलेले गुळगुळीत दाणे मोलस्कमचे, म्हणजे कातडीच्या दुसऱ्या एका विषाणूचे, असतात. ओलसर, चपटे, रुंद चट्टे उपदंशाचे असू शकतात; त्यांचा उपचार पूर्ण वेगळा, म्हणून उपदंशासाठीची व्हीडीआरएल ही रक्ताची तपासणी हवीच. खरी चामखीळ खरबरीत, फुलकोबीच्या तुऱ्यासारखी असते, पण ती चपटीही असू शकते. काळपट, कडक, रक्त येणारी किंवा उपचारांना न जुमानणारी गाठ असेल तर डॉक्टर तुकडा तपासायला पाठवतात.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. पावसाळ्यात जांघेत नायटा झाला की मेडिकलमधून मिश्र मलम आणून महिनोन्महिने लावलं जातं. त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. त्याने खाज थांबते, पण कातडीची प्रतिकारशक्ती दबते आणि तिथली चामखीळ भराभर पसरते. डॉक्टरांकडे जाताना ती ट्यूब सोबत न्या.

घरी लावायची दोन औषधं आहेत, तीही निदान झाल्यावरच. ०.५ टक्के पोडोफायलोटॉक्सिन दिवसातून दोनदा तीन दिवस लावायचं, मग चार दिवस बंद; अशी जास्तीत जास्त चार आवर्तनं. फक्त चामखिळीवर टेकवायचं, वाळेपर्यंत मागे सारलेली पुढची कातडी परत मुंडावर आणायची नाही. दिवसाला अर्ध्या मिलीलिटरपेक्षा जास्त नको. त्याच्याशी नावाने मिळतंजुळतं पोडोफायलिन हे कच्च्या राळेचं, कितीतरी जहाल औषध आहे. ते डॉक्टरच लावतात आणि एक ते चार तासांत धुवायला सांगतात. या दोघांची गल्लत झाली की भाजतं. बायको गरोदर असेल तर ते आधीच सांगा. तिला ही दोन्ही औषधं चालत नाहीत.

दुसरं, ५ टक्के इमिक्विमॉड मलम. आठवड्यातून तीनदा, रात्री झोपताना लावून सहा ते दहा तासांनी साबणाने धुवायचं, जास्तीत जास्त सोळा आठवडे. ते शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागं करतं, म्हणून लाली येणारच. जखम झाली तर काही दिवस थांबा. त्याने कंडोमचं रबर कमकुवत होऊ शकतं.

दवाखान्यात उणे १९६ अंश सेल्सियसच्या द्रव नायट्रोजनने गोठवणं, ८०-९० टक्के टीसीए (ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड) लावणं, कॉटरी म्हणजे विजेच्या उष्णतेने जाळणं किंवा लेझर असे मार्ग आहेत. चामखीळ लघवीच्या छिद्रात असेल, धार फाटत असेल, तर मूत्ररोगतज्ज्ञाला दाखवा.

हे सगळे उपचार चामखीळ काढतात. विषाणू शरीर स्वतः काबूत आणतं. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत ती पुन्हा येणं सामान्य आहे, उपचार फसला असा त्याचा अर्थ नाही. तोवर तिथे वस्तरा फिरवू नका, त्याने ती पसरते. धूम्रपान सोडा. एचआयव्ही तपासणी करून घ्या. जिल्हा रुग्णालयांत ती मोफत होते. गुप्तरोगांसाठी तिथे सुरक्षा क्लिनिकही असतं, आणि गावातल्या ओळखीच्या दुकानापेक्षा तिथे गुप्तता जास्त राहते.

एचपीव्हीचे ६ आणि ११ हे प्रकार सहसा कॅन्सर करत नाहीत. तो धोका मुख्यतः १६ आणि १८ चा. पण एकाच माणसात अनेक प्रकार असू शकतात, म्हणून बायकोने गर्भाशयमुखाची तपासणी वेळेवर करावी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक लस या चारही प्रकारांविरुद्ध आहे आणि मुलग्यांनाही चालते: ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, १५ ते २६ वयात ०, २ आणि ६ महिन्यांना तीन. आलेली चामखीळ तिने जात नाही.